स्वस्तातली करवत

मी हिशेबाचा माणूस आहे. बी.कॉम. करून कारकुनीला लागलो तो आजतागायत नावे आणि जमा यांच्यातच आहे. सुटीच्या दिवशी विहाराचे काम, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचे रेशनकार्ड. पेनाशिवाय दुसरे हत्यार मी क्वचितच हातात धरले असेल. तेव्हा या पानावर मी एका यंत्राबद्दल लिहितो आहे याचे ओळखीच्या वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक लहान पट्टा करवत आली. तिच्यापायी आम्ही जे शिकलो ते आणखी चार घरांच्या उपयोगी पडावे असे वाटते. आपल्या समाजातील कितीतरी मुले कर्ज काढून एखादे स्वस्त यंत्र घेतात, ते नीट चालत नाही, आणि महिन्याभरात ते कोपऱ्यात पडते. कर्ज मात्र कोपऱ्यात पडत नाही.

अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे आमचे गाव. माझे थोरले बंधू हयात नाहीत. त्यांचा मुलगा नागपूरला फर्निचरच्या कामावर चार वर्षे हाताखाली होता. रंधा, पटाशी, पॉलिश यात त्याचा हात बसला, पण ठेकेदाराच्या हाताखाली मजुरीपलीकडे काही उरेना. आई घरी एकटी. म्हणून तो गावी परत आला आणि म्हणाला, "काकाजी, मी घरीच फ्रेमा, पाट, पुस्तकाचे स्टँड बनवतो. एक बँडसॉ मशीन तेवढं पाहिजे."

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिलाई मशीनइतक्या जागेत मावणारे, उंचीला तीन फुटांच्या आसपास. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्ही चाकांवरून पट्ट्यासारखे फिरणारे, टोके एकमेकांना जोडलेले लांब पाते. पात्याला एका कडेने दात. मध्ये लोखंडी टेबल, त्यावर लाकूड ठेवायचे आणि पात्याकडे सरकवायचे. सरळ कापता येते, वळणदार कापता येते, आणि जाड फळी उभी धरून तिच्या दोन पातळ फळ्याही करता येतात. आरामशीनवर मोठे ओंडके चिरणारे यंत्र याच जातीचे, फक्त थोरले.

पुतण्याच्या मनात मोठे, जड यंत्र होते. त्याची किंमत पंचेचाळीस हजारांवर. मी कागद-पेन घेऊन बसलो. व्याज धरले, हप्ता काढला आणि म्हटले, "लहान घे. दहा इंची चाकाचे बावीस हजारात येते. काम वाढले की मोठे घेऊ." वहिनींनी बचत गटातून कर्ज उचलले. मशीन आले. आम्ही त्याला हारही घातला.

पहिल्याच दिवशी त्या हाराची लाज वाटली. पेन्सिलची रेघ सरळ, आणि कापलेली फळी मात्र नाल्याच्या काठासारखी वाकडी. लाकूड जळाल्याचा वास येई, कडा काळ्या पडत. मशीन चालू केले की टेबलावरचा खडू घसरून खाली पडे. पाते फिरताना प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् आवाज. पुतण्या जोर लावून लाकूड ढकले, मग पाते आणखी वाकडे जाई. ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारले. विकलेला माल परत होत नाही, असे उत्तर मिळाले.

आठ दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हिसोबानं माये बावीस हजार मातीत गेले." पुतण्या काहीच बोलला नाही, ते मला जास्त लागले. मज्झिम निकायात करवतीची उपमा आहे. कोणी दोन मुठींच्या करवतीने अंग कापले तरी मनात द्वेष येऊ देऊ नये, असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले. विहारात ती मी स्वतः वाचून दाखविली आहे. पण घरच्या माणसाच्या एका वाक्यानंतर ती आठवायला मला पूर्ण रात्र लागली. शिवाय वहिनींचे चुकलेही नव्हते. स्वस्त घ्या असे सांगणारा मीच होतो.

आमच्या भागात एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी ते एका आरामशीनवर पाती घासायच्या, म्हणजे दातांना धार लावायच्या कामावर होते. ४ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीच्या प्रसिद्ध गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातील विनापरवाना आरा गिरण्या ताबडतोब बंद करण्याचा आदेश दिला. त्या काळात त्यांचेही काम सुटले. नंतर त्यांनी घरोघरची दारे-खिडक्या केल्या. ते जातीने सुतार आहेत. मी जरा संकोचतच त्यांच्याकडे गेलो. संकोच का, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ते सायकल घेऊन निघाले. आमच्या पडवीत बसून त्यांनी मशीन नुसते हाताने फिरवले, कान लावला आणि म्हणाले, "बाबूजी, यंतर खराब नाई. कच्चं आहे. कंपनीनं अर्ध काम केलं न तुमच्या गळ्यात घातलं. उरलेलं अर्ध तुमी करा."

त्यांचे हे वाक्य मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही. आज वाटते, सगळे त्यातच होते. महाग यंत्रात जुळणीची मजुरी किमतीत धरलेली असते. स्वस्त यंत्रात ती धरलेली नसते. ती आपल्याला आपल्या वेळेने आणि डोक्याने भरावी लागते. मी बावीस हजार आणि पंचेचाळीस हजार यांची वजाबाकी केली होती, पण ही रक्कम नावे टाकायची राहून गेली होती.

दर रविवारी आम्ही बसू लागलो. पहिला नियम मिस्त्रींनी घातला: झाकण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढायचा आणि तो काढलेला सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवायचा. नुसता खटका बंद केलेला चालणार नाही.

झाकण उघडले तर खालच्या चाकाच्या रबरी टायरवर भुशाचा आणि डिंकाचा थर बसलेला. आठ दिवसांतला. अशा खडबडीत टायरवरून पाते उड्या मारत जाणार, दुसरे काय होणार? चाक हाताने फिरवत लाकडी चिपेने तो थर खरवडून काढला. पुढे पुतण्याने एक जुना दात घासायचा ब्रश खालच्या चाकाला टेकेल असा आतून पक्का केला. चाक फिरते आणि ब्रश भुसा झाडत राहतो. खर्च शून्य.

मग दोन्ही चाके एका पातळीत आहेत की नाहीत ते पाहिले. एक लांब, खात्रीची सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर उभी टेकवायची. चारही ठिकाणी टेकली तर ठीक. आमची वरच्या चाकावर टेकत नव्हती, मध्ये दीडेक मिलिमीटरची फट. म्हणजे वरचे चाक तेवढे मागे होते. चाक काढून त्याच्या दांड्यावर मागच्या बाजूने एक पातळ वायसर घातले, फट गेली. दोन रुपयांचे वायसर! मोठ्या यंत्रात हे कारखान्यातच तपासतात.

पाते परत चढवण्याचे काम मी मोठ्या हौसेने केले. पुतण्याने पाहिले आणि हळूच म्हणाला, "काकाजी, दात आभाळाकडं आहेत." पाते उलटे चढले होते. दात टेबलाच्या दिशेने, खाली रोखलेले हवेत. पाते हातात आतून बाहेर पालटले की दात फिरतात, एवढी साधी गोष्ट. वहिनी त्या दिवशी आठवड्यानंतर पहिल्यांदा हसल्या.

यानंतर पाते चाकाच्या मधोमध चालते का ते बघायचे. वरचे चाक किंचित पुढे-मागे कलते करायची एक मूठ मागे असते. एका हाताने चाक सावकाश फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने ती मूठ थोडी-थोडी पिळायची. पाते मध्ये येऊन स्थिरावले की थांबायचे. मोटर लावून हे करायचे नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. पाते वाकडे जाते म्हणजे ते सैल आहे, असे मी ठरवून टाकले. ताण देण्याची मूठ वर होती. एका संध्याकाळी पुतण्या बाहेर गेला असताना मी ती मूठ ताकदीने पिळली, जेवढी पिळेल तेवढी. झाकण लावले, मशीन चालू केले. मिनिटभर छान चालले. मग फाटकन आवाज आला. पाते जोडाच्या ठिकाणी तुटले होते. झाकण लावलेले होते म्हणून मला काही झाले नाही. पण कर्जाच्या मशीनचे पाते मी तोडले होते, आणि घरात दुसरे नव्हते.

त्या रात्री मला सोणाची गोष्ट आठवली. ती आपल्या पुष्कळांना ठाऊक आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरचा मुलगा भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात त्याने एवढे कष्ट घेतले की चंक्रमण करून पायांतून रक्त आले. तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला विचारले की तू गृहस्थ असताना वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजत असे का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा त्याने नाही म्हटले. तारा नेमक्या ताणाच्या असतील तरच वीणा वाजते, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले आणि मग त्याच्या साधनेविषयी सांगितले. मी ही गोष्ट प्रवचनात तीन-चार वेळा सांगितली असेल. ताणाची मूठ पिळताना ती आठवली नाही!

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी तुटलेले टोक बघितले. जोड आधीपासूनच कच्चा होता, त्या जागी गाठ उभी राहिली होती. टक्-टक् आवाज तिचाच. म्हणजे माझा गुन्हा अर्धा माफ झाला. या जोडाचा इतिहास पुढे मी वाचला, तो येथे सांगण्याजोगा आहे. पट्टा करवतीची कल्पना विल्यम न्यूबेरी याने इंग्लंडमध्ये १८०८ सालीच पेटंट केली होती. पण चाकावर वाकून-वाकून जोड तुटे, म्हणून ती कल्पना कागदावरच पडून राहिली. १८४६ साली फ्रान्समध्ये अ‍ॅन पोलिन क्रेपँ या बाईने पात्याची टोके टिकाऊ पद्धतीने जोडण्याची रीत काढली आणि तिचे पेटंट घेतले. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क विकत घेतले आणि चांगल्या पोलादाची जोड देऊन ही करवत खऱ्या अर्थाने चालती केली. जगातल्या पुरुषांना चाळीस-एक वर्षे जमले नाही ते एका बाईने जमविले. मी हे घरी सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मंग? बाईलेच तं रोज जोडाजोडी करा लागते."

आणि ताणाचा खरा दोषही वहिनींनीच शोधला, हे मुद्दाम नोंदवतो. त्या गेली पंधरा वर्षे शिलाई करतात. वरचे चाक वर उचलून धरणारी स्प्रिंग त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "ही तं पुरी दबली. दबलेली स्प्रिंग म्हंजे लोखंडाचा ठोकळा. माह्या मशीनचा दोरा असाच तुटते." अगदी बरोबर होते. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की ती झेल देत नाही. पात्याला बसणारा प्रत्येक झटका सरळ जोडावर जातो. स्वस्त मशीनमध्ये हलकी स्प्रिंग असते, हवा तेवढा ताण येण्यापूर्वीच ती संपते. भंडाऱ्याहून तेवढ्याच मापाची, जाड तारेची स्प्रिंग आणली. पण जाड मिळते म्हणून वाटेल तेवढी जाडही घालू नये. लहान मशीनचा सांगाडा हलका असतो, जास्त ताणाने तो स्वतःच वाकतो.

नेमका ताण किती, हे मिस्त्रींनी दोन प्रकारे दाखविले. मशीन बंद असताना बाजूचे गाईड मागे सारायचे आणि सहाएक इंच मोकळ्या पात्याला बोटाने बाजूने बेताने दाबायचे. साधारण पाव इंच सरकावे. फार सरकले तर सैल, मुळीच हलेना तर घट्ट. दुसरा प्रकार चालू मशीनचा. झाकणे लावून, गाईड दूर ठेवून, हात लांब ठेवून पात्याकडे पाहायचे. सैल पाते थरथरते, एकाची दोन पाती दिसतात. बंद करून थोडे घट्ट करायचे, पुन्हा पाहायचे. थरथर थांबली की आणखी पाव फेरा, आणि बस. काम संपले की ताण सैल करून ठेवायचा. रात्रभर ताणून ठेवले तर टायरला खाच पडते आणि स्प्रिंग मरते. पुतण्याने मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे: 'सैल आहे'. सकाळी विसरून कोणी चालू करू नये म्हणून.

नवे पाते नागपूरहून जोडून आणले. जुन्या पात्याला दोरी लावून लांबी मोजली, साडेसत्तर इंच भरली. मशीनबरोबर येणारे पाते बहुधा साधारण प्रतीचे असते. त्याच्यावर मशीनची परीक्षा करू नये. दात किती असावे याचा ढोबळ नियम असा की कोणत्याही वेळी लाकडात निदान तीन दात तरी असावेत. पातळ पट्टीला बारीक दात हवेत. पण जाड फळी उभी चिरायची तर इंचाला तीन-चार दातच बरे. बारीक दातांच्या खोबणी भुशाने भरून जातात, भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि लाकूड जळते. आमचा काळा धूर त्यातलाच होता. नवे पाते चढवल्यावर त्याच्या पाठीच्या दोन्ही टोकदार कडा धार लावायच्या दगडाने किंचित गोल केल्या. वळण कापताना ते मऊ वळते.

यानंतरचे काम माझ्या आवडीचे, कारण त्यात कागद लागतो. टेबलाच्या वर आणि खाली पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे गाईड असतात आणि मागे एक बेअरिंग असते. बाजूचे गाईड पात्याला चिकटवायचे नाहीत, दूरही ठेवायचे नाहीत. वहीच्या कागदाची एक पट्टी मध्ये घालून गाईड टेकवायचा, आवळायचा आणि कागद ओढून काढायचा. तेवढी फट पुरे. गाईड दातांवर येता कामा नये, दातांच्या खोबणीच्या मागेच थांबला पाहिजे, नाही तर नव्या पात्याचे दात पहिल्याच दिवशी खलास. मागचे बेअरिंग मशीन रिकामे चालताना फिरू नये आणि लाकूड लावताच फिरायला लागावे. आमच्या मशीनला हे सगळे कंपनीतून भलत्याच जागी बसून आले होते. एका बाजूचा गाईड तर पात्याला रेटत होता. वाकडे कापण्याचे अर्धे कारण तेथे होते. पुतण्या म्हणाला, "आपण लाकडाले शिव्या देत होतो."

टेबल गुण्या लावून पात्याशी काटकोनात केले, ते पाच मिनिटांचे काम.

थरथरीवर मात्र दोन रविवार गेले. मोटरचा पट्टा डब्यात घडी होऊन आल्यामुळे एका ठिकाणी मोडलेला होता. तो बदलला आणि मोटरची पुली चाकाच्या पुलीसमोर सरळ रेषेत आणली. पत्र्याचा स्टँड काढून टाकला आणि जुन्या चौकटीच्या जाड लाकडांचा घोडा केला. त्याच्या खालच्या फळीवर वाळूचे पोते. आता खडू जागचा हलत नाही. विजेचे सांगायचे तर उन्हाळी धानाला मोटरपंप चालतात तेव्हा आमच्याकडे व्होल्टेज पडते आणि मोटर गुरगुरते. त्या वेळी कापायचे नाही. बारीक वायरच्या लांब बोर्डावरही हे मशीन लावू नये. आमच्या घराला अर्थिंग नावापुरतेच होते, ते वायरमनकडून नीट करून घेतले. लोखंडाला हात लावून काम करायचे तेथे या खर्चात काटकसर करू नये, हे मी काटकसर करणारा माणूस सांगतो आहे.

एवढे झाल्यावर एक गोष्ट उरली. प्रत्येक पात्याची आपली एक चाल असते, ते एका बाजूला थोडे ओढते. फळीवर सरळ रेघ मारायची, आधाराशिवाय नुसत्या हाताने त्या रेघेवर कापत अर्ध्यापर्यंत जायचे आणि थांबायचे. फळी ज्या कोनात उभी राहिली तोच पात्याचा कोन. बाजूची आडपट्टी त्या कोनात बसवली की कापणी सरळ येते. जुळणीपूर्वी आमचे पाते बरेच तिरपे चालत होते. जुळणीनंतर तो तिरपेपणा नजरेला जेमतेम दिसण्याइतका राहिला. सागाच्या सहा इंच रुंद फळीतून पुतण्याने पाव इंचाची पट्टी चिरून काढली आणि ती खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरली. दोन्ही कडांना जाडी सारखी. वहिनींनी ती घेऊन पदराने पुसली आणि टीव्हीवर ठेवली. अजून तिथेच आहे.

सुरक्षिततेचे थोडक्यात. पात्यासमोर हातमोजे घालायचे नाहीत, ते हातासकट ओढले जातात. चष्मा आणि तोंडाला कपडा हवा. वरचे गाईड लाकडाच्या अगदी जवळ उतरवायचे, म्हणजे उघडे पाते कमी राहते. शेवटचे चार इंच बोटाने नव्हे, काठीने ढकलायचे. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचे, खिळा असला तर कळतो. चौदा एप्रिलच्या तयारीत पुतण्या गळ्यात निळा दुपट्टा घालून मशीनवर बसला होता. मी त्याला उठवला आणि दुपट्टा खुंटीला लावायला सांगितला. अभिमान खुंटीवर टांगला तरी कमी होत नाही!

कायद्याचेही विचारून घ्यावे. गोल लाकूड, म्हणजे झाडाचे ओंडके चिरायला वनखात्याचा परवाना लागतो. आम्ही फक्त पावतीने घेतलेल्या तयार फळ्या कापतो, आणि मशीन आणण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात तसे विचारले होते. पावत्या मी फाईलला लावतो.

विहारात एकाने मला विचारले, "आपल्या पोरानं सुतारकी कशाले करावी? नोकरी पाहावी." प्रश्न अगदी चुकीचा नाही. शिक्षण सोडून हत्यार धरा असे मी कोणालाही म्हणणार नाही. पण बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात दाखवून दिले होते की जात माणसाला आपला धंदा बदलू देत नाही आणि त्यामुळे ती बेकारीचेही एक कारण होते. माझे आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी आपल्या वस्तीतल्या माणसाने रंधा हातात घेतला तर हसत. आज त्यांच्या पणतूला एक सुतार मिस्त्री स्वतःच्या पेटीतला गुण्या देऊन गेले. कार्ल्याच्या चैत्यगृहाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत, आणि तेथल्या एका लेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दरवाजाचे काम त्याचे. राजाच्या, व्यापाऱ्याच्या नावांबरोबर सुताराचेही नाव दगडावर टिकले.

पहिले मोठे काम विहाराचेच मिळाले. वर्षावासात आमच्याकडे आषाढ पौर्णिमेपासून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. ग्रंथ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवत असू, वाचणाऱ्याला वाकावे लागे. पुतण्याने सागाचा स्टँड केला, बाजूच्या पट्ट्यांना पिंपळपानाचा आकार दिला. तो आकार याच करवतीवर वळवून कापलेला आहे. विहार समितीने पैसे दिले आणि मी पावती घेतली, कारण घरचे म्हणून फुकट करायचे नाही हे आधीच ठरले होते. नंतर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात त्याच्या चाळीस फ्रेमा गेल्या. एकतीस विकल्या गेल्या. नऊ परत आल्या, त्यांचे कोपरे नीट जुळले नव्हते. दुकानदाराने ते त्याला तोंडावर सांगितले, हे बरे केले.

हिशेब असा: मशीन बावीस हजार. वायसर, स्प्रिंग, पट्टा, पाते मिळून सतराशे चाळीस. अर्थिंग वेगळे. रविवार सात. बचत गटाचे अकरा हप्ते गेले, तेरा बाकी आहेत. दोन हप्ते वहिनींच्या शिलाईतून भरावे लागले, तेही मी वहीत लिहून ठेवले आहे.

या आठवड्यात खालच्या चाकातून घरघर ऐकू येते आहे. पुतण्या म्हणतो बेअरिंग गेले, मी म्हणतो नुसता भुसा असेल. मिस्त्रींना रविवारी बोलावले आहे. ते येईपर्यंत प्लग टेबलावर आहे.